व्हिएन्नाची राणी, फोर्टाची टांकसाळ

परदेशी चांदीची नाणी जमवतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "किती देश झाले?" पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात घालून ठेवलाय. देशच मोजायचे तर काम सोपं आहे. फोर्टातल्या फुटपाथवर मूठभर देश स्वस्तात मिळतात, निकेलचे, अ‍ॅल्युमिनियमचे, मधोमध भोक असलेले. चांदीचं तसं नसतं. चांदीचं नाणं हातात आलं की आधी वजन कळतं, मग चेहरा दिसतो, आणि देश सगळ्यांत शेवटी. तो देशही खरा असेलच असं नाही.

माझ्याकडचा मारिया तेरेझा थेलर घ्या. ऑस्ट्रियाची ही राणी १७८० साली वारली आणि नाण्यावर सालही १७८० आहे. पण ते नाणं त्या साली पाडलेलं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. राणी गेल्यावर कुठलीही टांकसाळ मुकाट्याने पुढच्या राजाचा चेहरा घेते. इथे मात्र अरबस्तानातल्या आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांनी ते चालूच दिलं नाही. येमेनची कॉफी विकणाऱ्याला ऑस्ट्रिया कुठेशी आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला ही बाई ओळखीची होती, हिची चांदी माहीत होती, बस. दुसरा चेहरा दाखवला की तो माल परत गोदामात ठेवायचा. शेवटी टांकसाळीनेच हात टेकले आणि १७८० साल कायम केलं. व्हिएन्नात आजही हे नाणं पाडतात, त्याच सालाचं.

बाई दिसायला भारदस्त. नवरा गेल्यापासून डोक्यावरून घेतलेलं वस्त्र, त्यावर मोत्यांचा पट्टा, खांद्याशी मोती जडवलेली पिन, आणि चेहऱ्यावर लग्नात आहेराची वही घेऊन बसलेल्या थोरल्या आत्यासारखा भाव. खांद्याखाली 'एस. एफ.' ही दोन अक्षरं, टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांची. काठावर उठावाची लॅटिन अक्षरं आहेत, 'न्याय आणि दया' अशा अर्थाची. पण ती वाचायला नाणं बोटांत गोल फिरवत बसावं लागतं. वाळवंटातले व्यापारी म्हणे नाणं घेताना तिचे मोती मोजून घ्यायचे. एखादा मोती झिजलेला किंवा पुसट दिसला की नाणं परत.

आता हिचा मुंबईशी संबंध काय? तर मुसोलिनीला इथिओपिया हवा होता आणि तिथे चालायची हीच बाई. म्हणून १९३५ साली इटलीने ऑस्ट्रियाकडून तिचे ठसे मिळवले आणि रोममध्ये थेलर पाडायला घेतले. इंग्रजांची पंचाईत झाली, कारण तांबड्या समुद्राच्या काठावर त्यांनाही त्याच नाण्यात व्यवहार करायचा होता. मग त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे ठसे कोरून घेतले. पुढे महायुद्ध पेटलं, पूर्व आफ्रिकेत फौजा उतरल्या आणि तिथे पुरवायला जवळची टांकसाळ कुठली, तर आपली फोर्टातली. मुंबईत सुमारे १ कोटी ९० लाख थेलर पाडले गेले. सकाळी डबा घेऊन टांकसाळीत शिरायचं आणि संध्याकाळपर्यंत व्हिएन्नाची मेलेली राणी पाडायची, अशी नोकरी मुंबईत काही माणसांनी केलेली आहे, ही कल्पनाच मला फार आवडते.

मुंबईला हा पाहुणा नवाही नव्हता. १८६७-६८ साली इंग्रजांची अ‍ॅबिसिनियाची, म्हणजे इथिओपियाचीच, मोहीम निघाली ती मुंबईहूनच. तेव्हाही फौजेबरोबर हत्ती, खेचरं आणि दाणागोटा यांच्या जोडीला थेलरांची सोय करावी लागली होती. तिकडचे लोक रुपये घ्यायला तयार नव्हते.

मुंबईच्या थेलरवर मुंबईची खूण नाही, ही यातली मोठीच गैरसोय. जाणकार मंडळी भिंगाखाली मोती बघतात, मागच्या दोन तोंडांच्या गरुडाची पिसं मोजतात आणि टांकसाळ सांगतात. मीही पिसं मोजतो. प्रत्येक वेळी वेगळी भरतात.

ब्रिटिश ट्रेड डॉलर त्या मानाने प्रामाणिक. १८९५ ते १९३५ या काळात हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनच्या बंदरांतल्या व्यापारासाठी हा पाडला. एका बाजूला ढाल-त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, मागे शिडाचं जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलय लिपीत 'एक डॉलर'. इंग्रजी, चिनी, मलय, सगळं आहे. भारताचं नावसुद्धा नाही. पण दहापट मोठं दिसणारं भिंग घेऊन त्रिशुळाच्या मधल्या दातावर बघा, तिथे खोल कोरलेला बारीकसा 'बी' दिसतो. बी म्हणजे बॉम्बे. कलकत्त्याचा 'सी' पायाजवळ असतो आणि फार थोड्या नाण्यांवर सापडतो. माझ्या नाण्यावर ब्रिटानियाच्या आजूबाजूला चिनी सराफांनी मारलेले ठोकेही आहेत. नाणं पारखून घेतलं की तो सराफ आपला शिक्का त्यावर ठोकायचा. अशी ठोकाठोक झालेली नाणी पूर्वी संग्राहक नाक मुरडून बाजूला ठेवत. मला कोऱ्या नाण्यापेक्षा तीच जास्त आवडतात. कोरं नाणं कुठे गेलंय कोण जाणे, हे मात्र नक्की बाजारात हिंडून आलंय.

हेच नाणं एकदा आमच्या सराफकाकांना दाखवलं.

"किती भरतं?"

"सव्वीस पॉइंट पंच्याण्णव ग्रॅम."

"टंच?"

"नव्वद."

"बरं. मोडायचंय का?"

"नाही हो काका, नुसतं दाखवायला आणलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

त्यांचंही बरोबर आहे. जगातल्या बहुतेक चांदीच्या नाण्यांचं शेवटी तेच झालं, ती मोडली गेली. आपल्याकडे जे उरलंय ते मुशीतून निसटलेलं. यातला सगळ्यांत मोठा प्रसंग परत मुंबईशीच येऊन भिडतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी असा माल भराभर बाहेर जात होता आणि त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवायचे होते. चांदी कमी पडायला लागली. १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली, त्यानंतर अडीच रुपयांचीही काढली. लोकांनी ती नोट उलटसुलट बघितली आणि बंदा रुपया मागायला खिडकीवर रांग लावली. कागदावर विश्वास ठेवायला माणसं तयार नव्हती. खजिन्यातले रुपये संपत आले तसं इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरला.

अमेरिकेच्या तिजोऱ्यांत चांदीचे डॉलर पोत्यांनी पडून होते. १८७८ पासून पाडलेले, मॉर्गन नावाच्या कोरक्याने घडवलेले, बहुतेकांना हातही न लागलेले. एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा झाला आणि २७ कोटींहून जास्त डॉलर मुशीत गेले. त्यातले जवळजवळ २६ कोटी डॉलर वितळवून निघालेली चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. मी बसून हिशेब केला: एका डॉलरात चोवीस ग्रॅमला किंचित जास्त शुद्ध चांदी, रुपयात दहा ग्रॅम एकोणसत्तर सेंटिग्रॅम, म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये.

त्यामुळे आता कुणाच्या घरी आजीच्या डब्यातून पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया निघाला की मी आधी साल बघतो, मग खालच्या कमळाखाली मुंबईचं बारीक टिंब आहे का ते बघतो, आणि मग घरच्या मंडळींना सांगतो की या राजाच्या पोटात अमेरिकी डॉलरवरची लिबर्टी असू शकते. मंडळी चहा विचारतात. अमेरिकेतल्या संग्राहकांना आजही नेमका छळ आहे तो याचा, की कुठल्या सालाचे किती डॉलर वितळले याची नोंद कुणी ठेवलीच नाही. टांकसाळीच्या वहीत लाखांनी लिहिलेलं साल बाजारात मात्र शोधून सापडत नाही. कायद्यात आणखी एक कलम होतं: वितळवलेत तितके डॉलर पुन्हा पाडायचे, तेही अमेरिकेच्याच खाणींतल्या चांदीतून. म्हणून १९२१ साली मॉर्गन डॉलर सतरा वर्षांनी पुन्हा अवतरला. नवशिक्याला स्वस्तात मिळतो तो बहुधा याच सालाचा.

सोन्याबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण आमची ऐपतही थोडक्यात आहे. इंग्लंडचं सॉव्हरिन, बावीस कॅरट, आठ ग्रॅमला जरा कमी, घोड्यावर बसून ड्रॅगन मारणारा सेंट जॉर्ज. युद्धात सोनं बोटीने लंडनला नेणं धोक्याचं झालं म्हणून १९१८ मध्ये मुंबईत लंडनच्या टांकसाळीची, रॉयल मिंटची, शाखाच उघडली आणि तेरा लाखांच्या आसपास सॉव्हरिन इथे पाडली. घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, इंडियाचा 'आय'. शाखा वर्षभरात बंद झाली. त्याच वर्षी त्याच वजनाची, पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही मुंबईने पाडली. ही मोहर मी काचेआडून बघितली आहे आणि माझं तेवढ्यावर समाधान आहे, असं मी घरी सांगतो.

परदेशी सोन्याचं नाणं आपल्या आज्या-पणज्यांनी मात्र बिनदिक्कत गळ्यात घातलं. व्हेनिसचं डुकाट, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शंभर नंबरी. १२८४ पासून नेपोलियनने १७९७ साली व्हेनिसचं प्रजासत्ताक मोडीत काढेपर्यंत त्याचं रूप फारसं बदललं नाही. संत मार्क उभा, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा प्रमुख, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. मागे चांदण्यांनी वेढलेला ख्रिस्त. आपल्याकडे त्याची पुतळी झाली आणि पुतळ्यांची माळ झाली. इथल्या सोनारांनी त्याच्या नकलाही भरपूर केल्या. मूळ लॅटिन अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा येतात. खऱ्याची आणि नकलेची ओळख त्यावरून पटते. माळ अंगावर घालणाऱ्या बाईला यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती. सोनं चोख होतं ना, मग झालं.

हल्लीची गुंतवणुकीची नाणी, दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड, कॅनडाचं मेपलचं पान, चीनचा पांडा, ही दिसायला देखणी आहेत. पांड्याचं चित्र तर बहुतेक दर वर्षी नवं असतं. पण जन्मापासून प्लॅस्टिकच्या डबीत बसलेल्या नाण्याने कधी कांद्याचा भाव बघितला नाही, कुणाच्या कनवटीला लागलं नाही. ज्यांना भाव चढण्याची वाट बघायची आहे त्यांनी ती अवश्य घ्यावीत.

जुन्या नाण्यांत खोट भारी. मॉर्गन आणि ट्रेड डॉलरच्या नकला इतक्या बेमालूम येतात की प्रदर्शनात विक्रेताही कधीकधी शपथ घेत नाही. लोहचुंबक लावणं, वाजवून खणखण ऐकणं हे ठीकच; माझा भरवसा पाण्याच्या पेल्यावर. छोट्या तराजूवर अर्धा पेला पाणी ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी सोडायचं. तळाला टेकू द्यायचं नाही. थेलर असेल तर तराजू पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दाखवतो. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेला असेल तर आकडा सव्वातीनच्या वर जातो आणि विक्रेत्याला फोन करायची वेळ येते. मग खरा निघालेला थेलर टिपून कोरडा करायचा. चोळायचा नाही. शंभर वर्षांत चढलेली राखाडी-निळी झाक एकदा गेली की गेली, आणि तिच्याबरोबर निम्मी किंमतही जाते.

हे आमच्या आईला पटत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातली सगळी चांदी चिंचेने, नाहीतर रांगोळीने घासून लखलखीत झालीच पाहिजे, हा तिचा कायदा पिटमनपेक्षा कडक. गेल्या दिवाळीत तिने थेलरही पूजेला मागितला.

"अरे, लक्ष्मीच आहे ना ती? मग अशी काळवंडलेली ठेवायची का पाटावर?"

"आई, ती ऑस्ट्रियाची राणी आहे."

"असू दे. मुंबईतच घडली म्हणतोस ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह असा झाला की राणी पाटावर बसेल, हळदकुंकू डबीच्या झाकणावर वाहायचं आणि डबी उघडायची नाही. यंदा तिने ट्रेड डॉलरचीही चौकशी केली आहे.