बरणीवर आम्ही महिना लिहितो

आमच्या लोणच्या-मुरांब्यांच्या प्रत्येक बरणीवर कायद्याला लागते ती तारीख असतेच, पण तिच्या वर ठळक अक्षरात मराठी महिना लिहिलेला असतो. चैत्र, वैशाख, श्रावण, पौष. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, की हे कशासाठी. त्याचं उत्तर द्यायचं तर पहिल्या कैरीपासून सुरुवात करावी लागते.

भोर तालुक्यात, हिरडस मावळात, आमचं गावचं घर आहे. परसात रायवळ आंब्याची दोन झाडं. एक वर्ष धरतात, दुसऱ्या वर्षी विश्रांती घेतात. २०११ साली मात्र दोन्ही झाडं एकदम लगडली. सासूबाईंचा निरोप आला, "वळीव यायच्या आत उतरवून न्या, नाहीतर मातीत जाईल सगळं." चार पोती कैऱ्या टेम्पोत घालून आम्ही पुण्यात अरण्येश्वरच्या घरी आणल्या. मी तेव्हा एका ऑफिसात हिशेब लिहायचे आणि धाकटी जाऊ घरी शिकवण्या घ्यायची. आठ दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. धुतलेल्या कैऱ्या पुसून पंच्यांवर पसरलेल्या, अडकित्त्याचा खटखट आवाज, मोहरीच्या डाळीचा नाकात जाणारा वास.

सासूबाई स्वतः येऊन बसल्या होत्या. कैरीला नख लावून बघायच्या. नख सहज रुतलं की कैरी बाजूला, तिचा साखरांबा. टणक असेल तीच लोणच्याला. मीठ कढईत भाजून घ्यायचं, म्हणजे त्यातली ओल जाते. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायचं. निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी धरायची, धुरी कोंडली की मग भरायची. फोडींच्या वर दोन बोटं तेल. तोंडाला दादरा, म्हणजे फडकं बांधायचं. किलोभर फोडींना पाव किलोला थोडं कमी मीठ, असं त्यांचं माप. आम्ही वजनकाट्यावर मोजलं तेव्हा ते २०० ग्रॅमच्या आसपास भरलं.

एवढं लोणचं घरात संपणार नव्हतं. शेजारी दिलं, ऑफिसात दिलं, शिकवणीच्या मुलांच्या आया घेऊन गेल्या. दिवाळीनंतर त्याच बायका रिकाम्या बरण्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. पैसे देऊ केले तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पुढच्या चैत्रात कुरडया आणि उडदाचे पापड वाढवले, त्यानंतर मुरांबे. २०१३ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली नोंदणी केली. तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना नोंदणी पुरे असे आणि वर्षाची फी होती १०० रुपये. तो चौदा आकडी नंबर पहिल्यांदा लेबलवर छापून आला तेव्हा जावेने ते लेबल देवापुढे ठेवलं.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत विशेष सांगण्यासारखं काही नाही. विकत होतो, शिकत होतो, मी नोकरी सोडली.

२०१६ सालची गोष्ट मात्र सांगायला हवी. बरीच गिऱ्हाइकं म्हणत होती, की लोणचं उत्तम आहे पण खारट लागतं, ब्लडप्रेशर आहे, थोडं कमी मीठ घाला. आम्ही ऐकलं. त्या वर्षी मीठ निम्मं केलं, तेलही हात आखडून घातलं. आषाढ लागला, हवेत ओल आली आणि फोन सुरू झाले. लोणच्यावर पांढरा बुरा आला होता. चाळीसच्या वर बरण्या परत आल्या. सगळ्यांचे पैसे परत केले आणि घरात शिल्लक होतं तेही टाकून दिलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मीठ काय चवीपुरतं असतं होय लोणच्यात?"

मग मी एका अन्नतंत्र शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन बसले. त्यांनी जे समजावलं ते सासूबाईंना ठाऊकच होतं, फक्त शब्द वेगळे. मीठ फोडीतलं पाणी बांधून ठेवतं, मग जंतूंना आणि बुरशीला ते वापरता येत नाही. कैरीचा, लिंबाचा आंबटपणा दुसरा पहारेकरी. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (pH), ४.६ च्या खाली राहिला तर सगळ्यात घातक विषारी जंतू वाढू शकत नाही. वरचं तेल हवा अडवतं. या तिघांपैकी एकाचा हात आखडला तर बाकीच्यांवर भार पडतो. साखरांब्याला दीडपट साखर लागते तीही त्याचसाठी. तेव्हापासून आम्ही स्पष्ट सांगतो, की वर्षभर टिकणारं हवं असेल तर मीठ आणि साखर पूर्ण लागेल. कमी मिठाचं हवं असेल तर तेही देतो, पण छोट्या बाटलीत. ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि पंधरा दिवसांत संपवायची.

महिना लिहायला सुरुवात झाली ती याच वर्षी. वैशाखातल्या कोरड्या हवेत घातलेलं लोणचं आणि ज्येष्ठातल्या पहिल्या पावसानंतर घाईत घातलेलं लोणचं यांत फरक असतो. तो गिऱ्हाइकाला कळावा असं आम्हाला वाटलं. आता तर पाऊस लागल्यावर लोणच्याला हातच लावत नाही.

पावसाळ्यात मग करता काय, असं कुणी विचारलं तर सांगते, की पावसाळ्यात आम्ही सकाळी सहाला मुळशीच्या रस्त्याला असतो. ताम्हिणीच्या बाजूला मुसळधार पाऊस होतो आणि आठ-पंधरा दिवसांत रान खाण्याजोगं होतं. आधी फोडशी, मग कुरडू, भारंगी, चाईचा मोहोर, आणि थोड्या दिवसांनी कर्टुली. रस्त्याच्या कडेला कातकरी बायका पाट्या घेऊन बसतात. त्यातल्या दोघींकडून आम्ही गेली अनेक वर्षं घेतो. सुरुवातीला मी स्वतः खुडायला गेले होते. फोडशी समजून गवताचा जुडगा उपटला, तोही मुळासकट. त्यातली एक जण म्हणाली, "ताई, शेंडा खुडायचा. मूळ ठेवलं तर पुढल्या साली आपल्यालाच हाय." तेव्हापासून रानात शिरायचं काम त्यांचं, आणि भाव त्या सांगतील तो. घासाघीस करत नाही. रानातली पालेभाजी ओळखायला आयुष्य लागतं. नुसतं चित्र बघून खुडलेली भाजी मी तरी कुणाला खाऊ घालणार नाही.

या भाज्या टिकवायचा प्रयत्नही आम्ही करून पाहिला. फोडशी उकळत्या पाण्यातून काढून फ्रीझरमध्ये ठेवली. महिन्याने शिजवली तर तिला ना चव, ना कुरकुरीतपणा. भारंगी वाळवली तर कडूपणा तेवढा उरला. म्हणून आम्ही ठरवलं, की पालेभाजी त्याच दिवशी, जुडी म्हणूनच विकायची. रानातलं टिकवायला खरं चांगलं ते फळ. चैत्रातल्या हिरव्या करवंदांचं लोणचं, भोकराचं लोणचं. करवंदाचा चीक हाताला चिकटतो, भोकराची बी काढताना बोटं बुळबुळीत होतात, मग बोटांना मीठ लावत काम करायचं. एक किलो भोकरं निवडायला अर्धा दिवस जातो. किंमत ऐकून लोक नाक मुरडतात, तेव्हा मी त्यांना एक भोकर हातात देते आणि बी काढून दाखवा म्हणते.

आता २५ सप्टेंबर २०१९. त्या रात्री आमच्या भागातल्या आंबिल ओढ्याला पूर आला. आमचं कोठार तळमजल्यावर होतं. रात्री साडेदहाला पाणी उंबऱ्याशी, अकराला कमरेएवढं. आम्ही माणसं वर निघालो, बरण्या तिथेच राहिल्या. परिसरात त्या रात्री माणसं दगावली, त्यापुढे बरण्यांचं दुःख काय सांगायचं. सकाळी चिखलात बरण्या आडव्या पडल्या होत्या. कित्येकांची झाकणं घट्ट होती, आत तेल स्वच्छ दिसत होतं. जाऊ म्हणाली, पुसून घेतल्या तर? मी नाही म्हटलं. पुराचं पाणी झाकणाच्या आट्यांतून आत गेलं नसेल हे कोण छातीठोकपणे सांगेल? सहाशेच्या वर बरण्या आम्ही खड्ड्यात रिकाम्या केल्या. त्यात २०११ साली लगडलेल्या त्याच दोन झाडांच्या कैरीचं लोणचं होतं. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. बोलल्या नाहीत.

पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. हातात माल नाही, मदतीच्या बायका येऊ शकत नाहीत. तेव्हा आम्हाला गच्चीने तारलं. आम्ही राहतो त्या इमारतीत गच्चीवर वाळवण घालण्यावरून पूर्वी पुष्कळ कटकट झाली होती. त्या महिन्यांत सगळेच घरात होते, आणि तेच शेजारी कुरडयांचा चीक मागायला वाटी घेऊन वर यायला लागले. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं, निवळलेला चीक शिजवायचा. गरम चिकावर तेल आणि मीठ घालून खाल्ल्याशिवाय चैत्र आल्यासारखा वाटत नाही. त्याच वर्षी गच्चीवर उसाची चिपाडं आणि पालापाचोळा भरून पोत्यांत हळद लावली. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला लावायची, पानं पिवळी पडून वाळली की पौषात काढायची. मधल्या काळात पानं पातोळ्यांना. आज आमचं ओल्या हळदीचं आणि आंबेहळदीचं लोणचं बरंचसं गच्चीवरच्याच मालाचं असतं. अंबाडी, मायाळू, पुदिना, गवती चहा तिथलेच. घोळ आणि चिवळ तर न लावताच उगवतात.

२०२१ मध्ये केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून कर्ज काढलं. त्यात तेव्हा ३५ टक्के अनुदान मिळत होतं. कोठार पहिल्या मजल्यावर नेलं आणि सौरवाळवण यंत्र घेतलं. यंत्रात हळद आणि पुदिना सुरेख वाळतात, रंग टिकतो. कुरडया मात्र अजून उघड्या उन्हातच घालतो. आकाशात ढग दिसला की तिघी-चौघी जिन्यावरून धावतो.

आता आम्ही दोघी आणि रोजंदारीवर चार जणी आहोत. उन्हाळ्यात नऊ होतात. मोठ्या दुकानांकडून विचारणा येते, बारा महिने सगळा माल द्याल का म्हणून. नाही, देता येणार नाही. कैरी शीतगृहातून आणून कार्तिकात लोणचं घातलं तर त्या बरणीवर कोणता महिना लिहायचा?

सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. नजर कमी झाली आहे, पण कैरीला नख त्याच लावतात आणि "ही नको" म्हणतात. या वर्षीचं वैशाखातलं लोणचं संपलं. सध्या आवळे आलेत, मोरावळ्याच्या बरण्या पुढच्या आठवड्यात भरू. ओली हळद पोत्यांतून काढायला अजून थोडे दिवस आहेत. तिची पानं अजून हिरवी आहेत.