मटणाचा दोष की माणसाचा?

आज शंकरपटाहून (बैलजोड्यांच्या शर्यतीहून) येताना टपरीवर थांबलो, तर तिथं पोरांचा वेगळाच पट रंगलेला. विषय मोटोजीपीवाला, म्हणजे मोटरसायकल शर्यतीतला आंद्रेआ इयानोने. २०१९ ला मलेशियात सेपांगच्या रेसला त्याच्या लघवीत ड्रोस्टॅनोलोन हे स्टेरॉइड सापडलं. तो म्हणे, मटणातून आलं. एफआयएमनं (मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेनं) ते मानलं, तरी १८ महिने बंदी दिलीच. मग वाडानं (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं) अपील केलं आणि क्रीडा लवादानं थेट ४ वर्षं केली.

"गाडी तं इंजिन पळवते, मंग मानसाले काहून तपासता बे?" एकानं विचारलं.

मी काही बोललो नाही. शेजारी आमचे धुरकरी, म्हणजे पटात बैलजोडी हाकणारे काका बसले होते. जोडी पळवून तास झाला असेल, पण हात अजून थरथरत होता, चहा बशीत सांडत होता. तळव्यावर कासऱ्याचा लाल वळ. काही सेकंदांच्या पटात ही गत, तर ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबणाऱ्याचं काय!

मला विचाराल तर ४ वर्षं जरा जास्तच झाली. (२०२४ ला परत येऊन गड्यानं अरागॉनला सुपरबाइकची रेस मारली, ते वेगळं.)

तेवढ्यात मागून आवाज आला, "अन् बैलाची लघवी कोन तपासते बावा?"

सगळे खो-खो हसले. काका तेवढे बशीतला चहा फुंकत राहिले.