अंबरनाथची पायी वारी आणि बेलावरचा व्याध

आमच्या कळव्यातून आषाढीला जाणारे खूप आहेत, पण ज्यांना एवढी सुट्टी मिळत नाही त्यांची एक छोटी वारी असते. महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी ठाण्यात कौपिनेश्वराला हात जोडायचे आणि चालत अंबरनाथचं शिवमंदिर गाठायचं, कळवा, मुंब्रा, शीळफाटा, काटई नाका, नेवाळी असं करत 25-30 किलोमीटर. रस्ता काही रम्य वगैरे नाही हां, शीळफाट्यानंतर तर कंटेनरच्या बाजूने धूळ खातच चालायचं.

आमच्यात आत्याला शिवलीलामृत जवळपास पाठ आहे. श्रीधरस्वामींनी शके 1640 मध्ये, म्हणजे सन 1718-19 ला, बारामतीत पूर्ण केलं ते, लोक वाचतात अकरावा अध्याय पण चालताना आत्या सांगते दुसरा, व्याधाचा. म्हणजे तो शिकारी तळ्याकाठी बेलाच्या झाडावर दबा धरून बसलाय, समोरचं नीट दिसावं म्हणून पानं तोडून खाली टाकतोय, खाली पिंड आहे हे त्याला माहीतच नाही. पहिली हरिणी येते ती गाभण, म्हणते बाळंत होऊन परत येते, शपथा घेते, तो सोडतो. दुसरी कामातुर, नवऱ्याला भेटून येते म्हणते, तिलाही सोडतो. मग काळवीट येतो, मग पाडसांची आई, सगळ्यांना सोडतो आणि रात्रभर उपाशी बसतो.

मला दरवेळी त्या दुसऱ्या हरिणीपाशी पंडू आठवतो. महाभारतातला पंडू, त्यानेही मृगाच्या जोडीवर बाण टाकला आणि तो निघाला किंदम ऋषी. पंडू वाद घालतो, शिकार राजाचा धर्मच आहे, अगस्त्यांनीही केली होती. त्यावर किंदम काय म्हणतो तर मृग मारलास म्हणून मी दोष देत नाहीये, आमचा समागम होईपर्यंत थांबायला हवं होतंस. एवढंच, थांबला नाहीस! जे कुरुकुळातल्या राजाला जमलं नाही ते या पोटासाठी जनावरं मारणाऱ्या माणसाने केलं, आणि त्याला तर धर्माबिर्माचं कोणी काही शिकवलेलंही नव्हतं. पराक्रम म्हटलं की आपल्याला नेम आठवतो, पण ताणलेली दोरी सैल करायला काय लागत असेल ते बघा ना.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो लगेच म्हणाला, "आत्या, पण घरी त्याची पोरं उपाशी असतील ना, त्यांचं काय?" आत्या नुसतं म्हणाली, "होती ना उपाशी." उत्तर दिलं चेंदणी कोळीवाड्यातल्या मामांनी. "आमच्यात पण तेच रे, 1 जून ते 31 जुलै बोटी बंद, मासळी तेव्हा गाबोळी भरलेली असते, घरात पैसा नसतो तरी थांबायचं, थांबलं नाय तर पुढल्या वर्षी पोरांनी खायचं काय?" भाचा गप्प झाला, पण पटलं असं काही चेहऱ्यावर दिसलं नाही.

काटई नाक्याला चहाला थांबलो तेव्हा पश्चिमेला मृग नक्षत्र खाली गेलं होतं आणि मागून व्याधाचा तारा, एवढे दिवे असूनही लख्ख. कथेत हरणं परत येतात, आधी मला मार म्हणून भांडतात आणि शेवटी सगळ्यांना विमान येतं, आकाशात जाऊन झालेली तीच ही नक्षत्रं. पण ऐतरेय ब्राह्मणात याच ताऱ्यांची उलटी गोष्ट आहे. प्रजापती मृग होऊन स्वतःच्या मुलीच्या मागे लागतो आणि देव त्याला थांबवायला रुद्र उभा करतात, तिथे मात्र बाण सुटतो, सुटायलाच हवा होता. मला दोन्ही गोष्टी हव्यात, एकट्या दयेच्या गोष्टीने मुलीला वाचवलं नसतं.

पहाटे मंदिरापाशी पोचलो तर रांग पार लांब. शिलालेखात शके 982 आहे म्हणजे सन 1060, शिलाहार राजांचं बांधकाम, भिंतीवर एक इंच मोकळा नाही, आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. दर्शन काही सेकंदांचं, पोलीस पुढे व्हा पुढे व्हा करत असतात.

परतीच्या लोकलमध्ये मामांनी किरात काढला. अर्जुन आणि किराताच्या, म्हणजे रानातल्या शिकाऱ्याच्या वेषातला शंकर, डुक्कर होऊन आलेल्या मूकासुराला दोघांचे बाण एकदमच लागले, आणि अर्जुन किरातालाच सुनावतो की तू मृगयेचा धर्म मोडलास. भाचा म्हणाला चूक अर्जुनाचीच, किराताने आधी सांगितलं होतं की मी हेरलेलं आहे. मामा म्हणाले अरे पण डुक्कर अर्जुनाच्याच अंगावर येत होतं, तो काय रांगेत उभा राहील? कळवा स्टेशन आलं, जिना चढलो, रिक्षात बसलो तरी डुक्कर कोणाचं ते काही ठरेना.