रंग खरवडताना हवेतलं शिसं मोजलं, त्याचा माझा अनुभव

जुन्या लोखंडी पुलाचा रंग खरवडायचं काम निघालं आणि हवेतलं शिसं मोजायचं माझ्याकडे आलं. करड्या थरांखाली नारिंगी प्रायमर दिसला तेव्हाच शंका आली होती. रेड लेड, म्हणजे मारुतीला लावतात तो शेंदूरच. पपड्या प्रयोगशाळेत पाठवल्या, शिसं निघालं.

ठेकेदाराचं म्हणणं, यंत्र स्टँडवर ठेवा आणि मोकळ्या व्हा. मी ऐकलं नाही. कामगाराच्या नाकापासून फूटभराच्या आतली हवा मोजायची असते. म्हणून हवा ओढणारा पंप कमरेच्या पट्ट्याला, कॅसेट म्हणजे फिल्टरची डबी कॉलरला, तिचं तोंड खाली आणि मास्कच्या बाहेर. एक पंप ग्राइंडरवाल्याला लावला, दुसरा खाली कचरा झाडणाऱ्या हेल्परला. तो म्हणाला, "मॅडम, ह्यात आमचं बोलणं रेकॉर्ड होतं का?" कॅसेट उघडून आतला पांढरा फिल्टर दाखवला, तेव्हा कुठे गडी तयार झाला.

मिनिटाला 2 लिटर हवा ओढली तर 8 तासांत 960 लिटर होते, घनमीटरला थोडी कमी. पंपाचा प्रवाह सुरुवातीला तपासायचा आणि शेवटीही; 5 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना मी धरत नाही. हवा न ओढलेली एक कॅसेट तुलनेसाठी सोबत जाते. फिल्टर धुळीने भरला की पंप धापा टाकतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत कॅसेट बदलल्या.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत शिशाची 8 तासांची मर्यादा घनमीटरला 0.15 मिलिग्रॅम होती, अमेरिकेच्या ओशाची, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा संस्थेची, 0.05 आहे. पूल काही कारखाना नव्हे, पण मोजपट्टी म्हणून दोन्ही आकडे समोर ठेवले. ग्राइंडरवाला मर्यादेच्या वर जाणार हे ठरलेलंच होतं. पण तोंडाला नुसता रुमाल बांधलेला हेल्परही 0.15 च्या पुढे गेला! कोरड्या झाडूने तो दिवसभर तीच धूळ पुन्हा उडवत होता.

झाडू बंद केला, अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम मागवला, ग्राइंडरला धूळ ओढणारं झाकण बसवलं. पुन्हा मोजलं तेव्हा हेल्पर 0.05 च्या खाली आला. ग्राइंडरवाला दोन्ही आकड्यांच्या मध्ये अडकला, म्हणून त्याचा मास्क कायम ठेवला. दोघांच्या रक्तातलं शिसंही तपासायला सांगितलं. तंबाखू मळायच्या आधी हात धुवायला लावायचं काम मात्र मुकादमानेच अंगावर घेतलं. माझं कोणी ऐकत नव्हतं.