माळवद

३० सप्टेंबर, रात्री

आईचा फोन येऊन गेला. आजच्या तारखेला तो येतोच. पाऊस, सोयाबीनचा भाव, कोण कुठे वारलं, असं सगळं बोलून होतं आणि मूळ विषय दोघी टाळतो. आज तिनेच काढला. "म्हातारीनंच मागून नेलं व्हतं त्याला. म्हणाली, आज माझ्याजवळ निजू दे लेकरू." एवढंच. मग काढणीला माणसं मिळेनात म्हणाली आणि ठेवून दिला.

इतकी वर्षं ती एकच सांगत आली होती, की धाकट्याला आत मीच निजवलं.

१९९३ ची अनंत चतुर्दशी. अण्णा गणपती बुडवून उशिरा आले आणि बाहेर बाजेवरच आडवे झाले. मी आणि आई ओसरीवर. आजी आणि धाकटा माजघरात. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. काळ्या दगडाच्या दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, मातीत रचलेल्या. वर लाकडाचा सांगाडा आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली पांढरी माती. उन्हाळ्यात गार म्हणून ज्या माळवदाचं कौतुक, तेच खाली आलं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. नंतर पाऊस लागला, आणि सरणाला कोरडं लाकूड मिळेना. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही. लिहून हलकं वाटतं म्हणतात, मला वाटलेलं नाही.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीकडे धक्के बसले होते. आमच्याकडेही भांडी वाजली. लोक काही दिवस अंगणात झोपले, थंडी वाढली तसे आत गेले. म्हणजे कळलं होतं! मग बाहेरच का नाही राहिलो? कॉलेजात असताना मी या प्रश्नामागे हात धुऊन लागले होते. भूकंपावरचं मिळेल ते वाचलं. दख्खनचं पठार स्थिर मानलं जात होतं, एवढा मोठा धक्का इथे बसेल असं जाणकारांनाही वाटलं नव्हतं. जिथे त्यांना कळलं नाही तिथे माझ्या आजीला काय कळणार होतं? हे डोक्याला पटायला वेळ लागला नाही. बाकीच्या अंगाला फार लागला.

आणि ते "देवानं वाचवलं हो तुम्हाला" म्हणणारे. त्यांचा राग मात्र अजून गेलेला नाही. जाऊ द्यावा असंही वाटत नाही.

आईच्या आजच्या वाक्यावर संध्याकाळभर विचार करतेय. दोष आजीवर ढकलला असं आधी वाटलं. पण तसं नाही. "मीच निजवलं" यात फक्त आई होती आणि तिचा गुन्हा होता. आजच्यात त्या रात्रीची आजी आहे, नातवाला कुशीत मागणारी, आणि जायला तयार झालेला धाकटा. त्या दोघांची शेवटची रात्र मायेची होती, हे आम्ही ढिगाऱ्याखालून कधी काढलंच नव्हतं. घडलं ते मान्य करायचं तर तेवढंही मान्य करावं लागेल.

उठलेल्या बावन्न गावांत आमचंही होतं. नवं गाव सरळ रेघांचं, रुंद रस्त्यांचं, गल्ली नाही की बोळ नाही. सरकारी घर पक्कं आहे, भूकंपाचा हिशेब करूनच बांधलेलं. अण्णा मात्र त्याच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा त्यांचा हिशेब. उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. ते शेड काढा म्हणून दर दिवाळीला मी त्यांच्याशी वाद घालते, कारण ते उभं असेपर्यंत आपण बरे झालो नाही असं मला वाटायचं.

या दिवाळीला नाही घालणार. वरचे दोन पत्रे गंजून गळतायत, आईच म्हणत होती. ते बदलून घेऊ आणि उन्हाला आतून काहीतरी अस्तर लावू. मापं अण्णांनाच विचारते. पत्रे उमरग्यातून आणायचे की लातूरहून, यावर ते वाद घालतीलच.