अंगठ्याला मऊ लागलं म्हणून बूट घेऊ नका

दुकानात धावण्याचा बूट हातात आला की बहुतेक जण आत अंगठा दाबून बघतात. जरा दबलं की "मस्त गुबगुबीत आहे" म्हणत पैसे मोजतात. अंगठ्याखाली दबतो तो इनसोल, काढता-घालता येणारा चार-पाच मिलिमीटरचा थर. काही आठवड्यांतच तो चपटा होतो. धावताना धक्का झेलतो तो त्याच्या खालचा मिडसोल, म्हणजे बाजूने दिसणारा फोमचा जाड थर. त्याची परीक्षा अंगठ्याने होत नाही.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच पट जोर पायावर येतो. 70 किलोचा माणूस सात मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने 5 किलोमीटर धावला आणि मिनिटाला 160 पावलं धरली, तर 5,600 पावलं होतात. म्हणजे प्रत्येक पायावर 2,800 वेळा दीडशे किलोच्या घरातला भार. हा भार एकदम न बसता थोडा वेळ घेऊन बसावा, एवढंच कुशनिंगचं काम.

रोजच्या बहुतेक बुटांत फोम असतो ईव्हीए. त्यात हवेचे असंख्य बंद बुडबुडे असतात. दाबले की आकसतात, सोडले की फुगतात. हजारो वेळा दबून बुडबुड्यांच्या भिंती मोडतात आणि फोम परत फुगेनासा होतो. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर हे जाणवू लागतं, वजन जास्त असेल तर लवकर. वरचं कापड आणि खालचं रबर तोवर छान दिसत असतं, म्हणून लोक तोच बूट दोन वर्षं ओढतात आणि नडगी किंवा गुडघा दुखायला लागला की वयाला दोष देतात.

बडोद्यासारख्या उष्ण शहरातल्या माणसाने उन्हाळ्याचा विचार वेगळा करायला हवा. ईव्हीए उन्हात मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. जानेवारीच्या पहाटे टणक वाटणारा बूट मेमधल्या संध्याकाळी, डांबर तापलेलं असताना, लिबलिबीत लागतो तो यामुळेच. त्याहून वाईट म्हणजे बूट स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत दिवसभर ठेवणं. तिथल्या उष्णतेने फोम आक्रसू शकतो, चिकटवलेला सोल सुटतो, आणि बूट अर्धा नंबर लहान झाल्यासारखा वाटतो. अदिदासने 2013 साली 'बूस्ट'मध्ये आणलेला टीपीयू या लवचीक प्लास्टिकच्या दाण्यांचा फोम तापमानाने कमी बदलतो आणि जास्त टिकतो, पण जड असतो. शर्यतीच्या महागड्या बुटांतला पेबा नावाचा फोम हलका आणि उसळता, मात्र पायाखाली डुगडुगणारा. रोजच्या पाच-सात किलोमीटरसाठी त्यावर खर्च करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

फोम किती मऊ हवा हे वजनावर ठरतं. 85 किलोचा माणूस फार मऊ फोमवर उभा राहिला की फोम पूर्ण दबून जातो, पुढे दबायला जागाच उरत नाही, आणि पाय जणू लाकडावर आपटतो. उलट 50 किलोच्या व्यक्तीला टणक फोम दबतच नाही. म्हणून मित्राला सोयीचा झालेला बूट तुम्हाला होईलच असं नाही.

आता स्थिरता. पाऊल टेकल्यावर ते किंचित आतल्या बाजूला कलतं, याला प्रोनेशन म्हणतात. हा आजार नाही. धक्का पसरवण्याची ती शरीराचीच सोय आहे. ओल्या पायाचा ठसा बघून "तुमचा पाय सपाट, तुम्हाला स्टॅबिलिटीचाच बूट (पाऊल आत कलू नये म्हणून आधार देणारा) लागेल" असं सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतील. अमेरिकी लष्करात तळव्याच्या आकारावरून बूट वाटून पाहिले, त्याने दुखापतींत म्हणावा तसा फरक पडला नाही. पाऊल खूपच कलत असेल, घोटा आत झुकलेला दिसत असेल किंवा त्या बाजूला दुखणं असेल, तर मात्र आधार उपयोगी पडतो.

हा आधार पूर्वी मिडसोलच्या आतल्या बाजूला जास्त टणक फोमचा तुकडा बसवून देत. ॲसिक्स कंपनीचा कायानो हा बूट 1993पासून चालू आहे, त्याच्या जुन्या आवृत्त्यांत असाच तुकडा असे; 2023च्या तिसाव्या आवृत्तीत तो काढून तळ रुंद केला आणि कमानीखाली वेगळा फोम घातला. ब्रूक्स कंपनीच्या ॲड्रेनलिन बुटात टाचेच्या दोन्ही बाजूंना कठड्यासारख्या पट्ट्या असतात. लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तळ किती रुंद आहे ते आधी बघा. जाड, मऊ आणि अरुंद तळाचा बूट घोट्याला सतत कामाला लावतो.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. 10-12 मिलिमीटरचा ड्रॉप पोटरी आणि टाचेच्या शिरेवरचा ताण कमी करतो, 0-4चा तो वाढवतो. जुना बूट 10चा असेल तर एकदम 4वर उडी नको. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, दोन-तीन किलोमीटरच.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. धावतानाचेच मोजे न्या. इनसोल काढून त्यावर उभे राहा. पाय बाहेर डोकावला तर बूट अरुंद आहे. उभं असताना सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग बूट दुमडून बघा: चवड्याजवळ वाकला तर ठीक, मधोमध मोडला तर ठेवून द्या. टाचेमागचा कडक भाग चिमटीत दाबा, तो सहज चेपू नये. बूट टेबलावर ठेवून मागून नजर टाका, नवाच बूट एका बाजूला कललेला असतो असंही घडतं.

टाच वर-खाली सरकत असेल तर नंबर बदलण्याआधी सर्वांत वरचं जादा भोक वापरा. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवा, दोन्ही टोकं समोरच्या फासांतून ओढा, खाली दाबत आवळा आणि मग गाठ मारा.

बडोद्याच्या कमाटीबागेत किंवा पोलो ग्राउंडवर फेऱ्या मारणाऱ्यांना मध्यम फोम पुरतो. रस्त्यावर धावत असाल तर कडेचा उतार लक्षात घ्या: रस्ता मधे उंच आणि कडेला खाली असतो, जाता-येता कड कायम एकाच हाताला राहिली की एक पाय सतत तिरका पडतो. ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत या, म्हणजे तोच उतार दुसऱ्या पायाला मिळतो, फक्त रहदारीकडे पाठ असताना जास्त सांभाळून. टाचेची बाहेरची कड झिजणं नेहमीचंच. आतली कड झिजली आणि टेबलावर बूट आत झुकला, तर तो रोजच्या चालण्याला काढा.

पावसाळ्यात भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नको, डिंक सुटतो. सलग पाऊस असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा, म्हणजे ओला बूट घालायची वेळ येत नाही.