सगळं एकाच गाठीत

आमच्या अण्णांनी बेचाळीस वर्षं रद्दी-भंगाराचं दुकान चालवलं. पुण्यात, पेठेत, दहा बाय बाराच्या गाळ्यात. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण खालून ‘भंगाऽऽर’ अशी हाक आली की ते अजून उठून गॅलरीत जातात. पुठ्ठा काय भावाने चाललाय ते ऐकायचं असतं.

मागच्या रविवारी लेकीने ‘वॉल-ई’ लावला. पिक्सारचा २००८चा सिनेमा, अँड्र्यू स्टँटनचा. मी तो पूर्वी हॉस्टेलवर मित्राच्या कॉम्प्युटरवर पाहिला होता आणि दोन रोबोंची प्रेमकथा म्हणून सोडून दिला होता. इंग्रजी सिनेमा लागला की अण्णा पेपर उघडतात. पण ह्यात सुरुवातीचा बराच वेळ कोणी धड बोलतच नाही. वॉल-ई नुसता कुंईकुंई करतो (आवाज बेन बर्टचा, ‘स्टार वॉर्स’मधल्या आरटू-डीटूला ज्याने आवाज दिला तोच). तेव्हा पेपर मांडीवर राहिला.

साल २८०५. पृथ्वीवर कचऱ्याशिवाय काही उरलेलं नाही. ‘बाय एन लार्ज’ नावाच्या एकाच कंपनीने सगळं विकलं, शेवटी सरकारही तीच चालवायला लागली, आणि कचरा हाताबाहेर गेल्यावर लोकांना जहाजात बसवून अवकाशात धाडलं. पाच वर्षांत साफसफाई उरकू, मग परत या, असा वायदा. त्याला सातशे वर्षं झाली. सफाईच्या रोबोंपैकी एकच चालू राहिलाय. बाकीचे जागोजागी गंजून पडलेत, आणि आपला पट्टा झिजला की हा त्यातल्या एखाद्याचा काढून स्वतःला बसवतो. ते पाहून अण्णा पहिल्यांदा हसले. “स्पेअर पार्ट काढतोय गडी.”

मग तो कामाला लागला. दोन्ही हातांनी कचरा पोटात भरायचा, दाबायचा, चौकोनी ठोकळा बाहेर काढायचा, तो नेऊन रचायचा. अशा ठोकळ्यांचे मनोरे गगनचुंबी इमारतींच्याही वर गेलेले दिसतात. मला तो देखावा फार सुंदर वाटतो. अण्णा पुढे सरकून बसले.

“अरे, हा सगळं एकत्रच दाबतोय की!”

“म्हणजे?”

“पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक, सगळं एकाच गाठीत. ह्याला गिऱ्हाईक कोण?”

गिऱ्हाईक सातशे वर्षांपूर्वीच निघून गेलं, हे मी सांगितलं नाही. पण मुद्दा डोक्यात बसला. पुठ्ठ्यात प्लास्टिकचे दोन तुकडे निघाले तरी आमचा मोठा व्यापारी अख्ख्या पोत्याचे पैसे कापायचा. अण्णांच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक असायचं. चिकटलं की लोखंड, नाही चिकटलं की स्टील, पितळ, ‘जर्मन’ (म्हणजे ॲल्युमिनियम). मग वजनावरून, रंगावरून, फरशीवर आपटल्यावर येणाऱ्या आवाजावरून पुढची निवड. दाबायचं काम शेवटचं आणि बिनडोक. खरा धंदा निवडण्यात. आणि ह्या कंपनीने एवढी मोठी यंत्रं बनवली ती फक्त दाबणारी. पुढे त्या जहाजावरही तेच. तिथली थोराड यंत्रं कचऱ्याचे तसलेच ठोकळे करून अवकाशात फेकून देतात. सातशे वर्षांत कुणी काही शिकलं नाही.

(आमच्याकडे असा ढीग पडून राहिला असता का, हा वेगळा प्रश्न. तांब्याची वायर पहिल्या आठवड्यातच गेली असती.)

वॉल-ई मात्र निवडतो, त्याला कोणी सांगितलेलं नसताना. पाठीवर एक डबा अडकवलेला असतो, आवडेल ते त्यात. एका मखमली डबीत हिऱ्याची अंगठी मिळते. तो अंगठी फेकून देतो आणि डबी ठेवतो, कारण तिचं झाकण छान टकटक वाजतं. संध्याकाळी घरी, म्हणजे एका बंद पडलेल्या ट्रकमध्ये, तो दिवसभराचा माल फळीवर लावतो. अर्धा चमचा, अर्धा काटा असलेलं एक प्लास्टिकचं काहीतरी हातात येतं. चमच्यांकडे नेतो, काट्यांकडे नेतो, पुन्हा चमच्यांकडे. शेवटी दोघांच्या मधोमध ठेवतो.

“बरोबर,” अण्णा म्हणाले.

अण्णांचीही अशी फळी होती, वजनकाट्याच्या मागे, गिऱ्हाइकाला न दिसणारी. तिच्यावर किल्ली नसलेलं पितळी कुलूप, बाहुलीचा एक हात, रद्दीत आलेले जुने दिवाळी अंक, कुणाच्या तरी लग्नाचा कडा फाटलेला फोटो. ह्यांचं वजन करायचं नाही, असा नियम. आई म्हणायची, भंगारात भंगार. मला लहानपणी त्या फळीची लाज वाटायची.

जहाजावरचा भाग मला आजही तेवढा जमलेला वाटत नाही. खुर्चीतून न उठणारी लठ्ठ माणसं हा विनोद दहा मिनिटांत संपतो आणि नंतर पुष्कळ पळापळ आहे. अण्णा तिथे झोपले, ते योग्यच झालं.

पण शेवटाकडचा एक प्रसंग त्यांनी पाहायला हवा होता. वॉल-ई चिरडला जातो. ईव्ह, म्हणजे प्रेमकथेतली दुसरी रोबो, त्याला घरी आणून त्याच फळीवरचे सुटे भाग लावून दुरुस्त करते. तो सुरू होतो, पण ओळख गेलेली. ती त्याच्याच आवडीच्या वस्तू एकेक करून पुढे धरते. तो त्या घेतो, पोटात भरतो, दाबतो. ठोकळा. पूर्वी मला वाटलं होतं, बिचारा तिला विसरला. ह्या वेळी मी ईव्हकडे पाहिलंच नाही, फळी रिकामी होताना पाहत होतो. आता तो कंपनीने बनवला होता अगदी तसा झाला होता.

लेक कळवळून म्हणाली, “आजोबा, उठा ना, तो सगळं दाबतोय!” अण्णा घोरत होते.

ते जागे झाले श्रेयनामावलीला. माणसं पृथ्वीवर परतलीत, आणि पुढची गोष्ट चित्रांतून सांगितली आहे, गुहाचित्रांच्या शैलीपासून व्हॅन गॉगच्या शैलीपर्यंत. शेवटी एक डेरेदार झाड. कॅमेरा बुंध्यावरून खाली, मुळांपर्यंत जातो. तिथे तो जुना बूट, ज्यात वॉल-ईने पहिलं रोप ठेवलं होतं.

अण्णांनी चष्मा लावला.

“बूट अजून तसाच? मग रबरी असणार. चामड्याचा असता तर केव्हाच कुजला असता.”